पानावरचा कोळी नेमका कोणता? नमुना वेचण्यापासून स्लाइडवर जात ओळखण्यापर्यंत

पिकावरच्या कोळ्यांचे (माइट्सचे) नमुने ओळखीसाठी प्रयोगशाळेत येतात तेव्हा बरेचदा त्यांत एकही नर नसतो. पाने प्लॅस्टिकच्या पिशवीत घामेजून काळी पडलेली असतात आणि चिठ्ठीवर फक्त ‘लाल कोळी’ एवढेच लिहिलेले असते. अशा नमुन्यातून कूळ कळते, फार तर प्रजाती (जीनस) कळते. जात (स्पीशीज) मात्र कळत नाही. चूक सूक्ष्मदर्शकाशी होत नाही, ती त्याच्या खूप आधी, शेतात आणि बाटली भरताना झालेली असते.

हा लेख कृषीचे विद्यार्थी, पीक सल्लागार आणि महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत बसून काम करता येईल अशा सर्वांसाठी आहे. भर जाळे विणणाऱ्या कोळ्यांवर, म्हणजे टेट्रॅनिकिडी कुळावर आहे. बाकीची कुळे वेगळी काढण्यापुरती दिली आहेत.

वर्गीकरणातले एवढे डोक्यात ठेवून सुरुवात करा. कोळी हे कीटक नाहीत. ते अ‍ॅरॅक्निडा वर्गातल्या अ‍ॅकॅरी गटात येतात. पिकाचा रस शोषणारी चार कुळे, टेट्रॅनिकिडी, टेन्युपाल्पिडी, टार्सोनेमिडी आणि एरिओफाइडी, ही ट्रॉम्बिडिफॉर्मिस या गणातली. त्यांना खाणारे फायटोसिइडी कुळातले परभक्षी कोळी मेसोस्टिग्मॅटा या वेगळ्याच गणातले आहेत. एकाच पानावर दोन्ही सापडतात, म्हणून गल्लत होते.

## टप्पा १ : शेतात जाण्याआधीची तयारी

सोबत घ्यायच्या वस्तू: १० पट आणि २० पट मोठे दाखवणारी दोन भिंगे, ००० क्रमांकाचा बारीक कुंचला, टिपकागद किंवा वर्तमानपत्र, कागदी पाकिटे, प्लॅस्टिकच्या पिशव्या, बर्फाचा डबा, ७० ते ७५ टक्के अल्कोहोल भरलेल्या घट्ट झाकणाच्या लहान बाटल्या, पेन्सिल आणि जाड कागदाच्या चिठ्ठ्या. पेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते, त्यामुळे बाटलीतली चिठ्ठी पेन्सिलनेच लिहा.

प्रयोगशाळेत स्टिरिओ सूक्ष्मदर्शक लागेल, आणि जात ओळखायची असेल तर फेज कॉन्ट्रास्ट असलेला, १००० पटीपर्यंत जाणारा सूक्ष्मदर्शक. साध्या प्रकाशात कोळ्याचे केस आणि नख्या इतक्या फिकट दिसतात की असलेली गोष्ट नाही असे वाटते.

स्लाइडसाठी हॉयरचे माध्यम, म्हणजे कोळी ज्यात बसवायचा तो डिंकाचा द्रव, आठवडाभर आधी करून ठेवा:

- ऊर्ध्वपातित पाणी ५० मिली
- गम अरेबिक, स्वच्छ खड्यांचा, ३० ग्रॅम
- क्लोरल हायड्रेट २०० ग्रॅम
- ग्लिसरीन २० मिली

क्रम हाच ठेवायचा. आधी डिंक पाण्यात पूर्ण विरघळू द्या. याला एखादा दिवस लागतो. मग क्लोरल हायड्रेट घाला, ते विरघळले की ग्लिसरीन. शेवटी काचतंतूच्या बोळ्यातून गाळा. घाईने गरम करू नका. डिंक नीट विरघळायच्या आधी पुढचे पदार्थ घातले की गुठळ्या राहतात आणि त्या नेमक्या कोळ्याच्या अंगाला चिकटतात.

सावधान: क्लोरल हायड्रेट विषारी आहे आणि गुंगी आणते. हातमोजे घाला, हवा खेळती ठेवा, बाटली कुलपात ठेवा. घरी हे करू नका.

## टप्पा २ : कुठली पाने घ्यायची

प्रत्येक कोळ्याची झाडावरची जागा ठरलेली असते. जागा चुकली की भलताच नमुना हाती येतो.

वांगी, भेंडी, टोमॅटो, गुलाब यांवरचा टेट्रॅनिकस (टेट्रॅनिकिडी कुळातली प्रजाती) मधल्या आणि जुन्या पानांच्या खालच्या बाजूला, मुख्य शिरेच्या कडेने बसतो. लिंबूवर्गातला युटेट्रॅनिकस ओरिएंटॅलिस मात्र पानाच्या वरच्या बाजूला असतो. फक्त पान उलटून पाहणाऱ्याला तो दिसत नाही. मिरचीवरचा पिवळा कोळी अगदी शेंड्याच्या कोवळ्या पानांत असतो. खालची जून पाने कितीही चाळली तरी तो मिळायचा नाही. नारळावरचा एरिओफाइड कोळी फळाच्या देठाकडच्या टोपीखाली राहतो, त्यामुळे कोवळे फळ तोडून टोपीच्या पाकळ्या सोलाव्या लागतात. तुरीच्या वांझ रोगाचा विषाणू पसरवणारा असेरिया कजानी कोवळ्या पानांच्या खालच्या बाजूला असतो. त्याने स्वतः केलेली इजा पानावर दिसत नाही, म्हणून तिथे लक्षणावर विसंबून शोध थांबवू नका.

मिरचीत आणखी एक तपासणी आवश्यक आहे. पाने वरच्या बाजूला होडीसारखी वळली असतील तर बहुधा फुलकिडे, खालच्या बाजूला वळून देठ लांबले असतील तर पिवळा कोळी. दोन्हींना सरसकट चुरडा-मुरडा म्हणतात आणि फवारणी हमखास चुकते.

शेताच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून मिळून २० ते ३० पाने घ्या. अगदी वाळलेली, जाळ्याने भरलेली पाने टाळा. तिथले कोळी उपाशी असतात, बरेच सोडून गेलेले असतात आणि मागे कातींचा ढीग उरतो. इजा नुकती सुरू झालेले, पांढरट ठिपके पडलेले पण हिरवे पान सर्वांत चांगले.

पाने आधी कागदात गुंडाळा, मग पिशवीत घाला, मग बर्फाच्या डब्यात ठेवा. पान थेट प्लॅस्टिकमध्ये घातले की आत पाणी सुटते आणि कोळी त्या थेंबांत अडकून मरतात. बर्फावर थेट ठेवू नका, मध्ये वर्तमानपत्राची घडी हवी.

तपासा: प्रत्येक पाकिटावर पीक, झाडाचा भाग, पानाची बाजू, गाव, तालुका, तारीख आणि जिवंत कोळ्याचा रंग लिहिला आहे ना? अल्कोहोलमध्ये गेल्यावर रंग जातो आणि नंतर आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही.

## टप्पा ३ : भिंगाखाली पहिली चाळणी

शक्यतो त्याच दिवशी पाने पाहा. रंगाने सुरुवात करू नका. टेट्रॅनिकस अर्टिकी या एकाच जातीचे काही समूह हिरवट-पिवळे, पाठीवर दोन गडद डाग असलेले असतात, काही पूर्ण लाल. लाल रूपाला पूर्वी टेट्रॅनिकस सिनाबारिनस असे वेगळे नाव होते आणि जुन्या पुस्तकांत ते तसेच आढळते. उलट, काही परभक्षी कोळी लाल कोळी खाऊन स्वतः लालसर दिसतात.

आधी अंडी पाहा, मग आकार, मग चाल.

टेट्रॅनिकिडी : अंडी बहुतेक वेळा गोल. टेट्रॅनिकसची अंडी चकचकीत, आधी काचेसारखी पारदर्शक आणि उबायच्या सुमारास पिवळसर, व्यास सुमारे ०.१३ मिमी. मादी साधारण अर्धा मिमी, लंबगोल. नर लहान, मागे निमुळता, पाय शरीराच्या मानाने लांब. बहुतेक प्रजातींत रेशमी धागे दिसतात.

टेन्युपाल्पिडी : अंग चपटे, चाल मंद, जाळे नाही. ब्रेव्हिपाल्पसची अंडी नारिंगी-लाल आणि लांबट. नारळ-सुपारीच्या पानाखाली लालभडक, पाठीवर लांब केस आणि त्यांच्या टोकाला बारीक थेंब दिसले तर ती राओएला इंडिका. १९२४ मध्ये तिचे वर्णन झाले ते कोइमतूरच्या नारळावरून.

टार्सोनेमिडी : पिवळ्या कोळ्याची मादी जेमतेम ०.२ मिमी. खरी खूण अंड्यात आहे: लांबट, पानाला चिकटून बसलेले आणि वर पांढऱ्या उंचवट्यांच्या रांगा. २० पटीच्या भिंगाखाली एकदा हे अंडे ओळखता आले की पिवळा कोळी पुन्हा चुकत नाही. नर बरेचदा निश्चल अवस्थेतल्या मादीला मागच्या पायांवर उचलून नेताना दिसतो.

एरिओफाइडी : अळीसारखे लांबुळके, सुमारे ०.२ मिमी, आणि पायांच्या फक्त दोन जोड्या, त्याही डोक्याजवळ. १० पटीच्या भिंगाखाली हे नजरेतून सुटतात.

फायटोसिइडी : नासपतीच्या आकाराचे, चकचकीत, पाय पुढे लांब, पानावर फुंकर घातली की शिरेच्या कडेने झपाट्याने पळतात. अंडी लंबगोल आणि टेट्रॅनिकसच्या अंड्याहून मोठी, बहुधा शिरांच्या बेचक्यात किंवा पानावरच्या लवेवर.

सावधान: गोल आणि लंबगोल अंडी एकाच पानावर दिसली तर दोन वेगळे कोळी आहेत असे धरा. दोन्ही वेगळ्या बाटल्यांत ठेवा. परभक्षी कोळ्यांना कीड समजून मोजणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. सिंथेटिक पायरेथ्रॉइड फवारले की हे परभक्षी आधी मरतात आणि लाल कोळी पुन्हा उसळतो.

## टप्पा ४ : नर शोधणे

सगळी ओळख इथे अडते. टेट्रॅनिकसच्या बऱ्याच जातींच्या माद्या सूक्ष्मदर्शकाखालीही एकसारख्या दिसतात. फरक असतो तो नराच्या जननदंडाच्या टोकाच्या बोंडात. म्हणून ‘माद्या भरपूर आहेत’ हे समाधान कामाचे नाही.

नर कुठे शोधायचे हे जीवनक्रमातून कळते. अंड्यातून सहा पायांचा लार्व्हा निघतो. पुढे आठ पायांचा प्रोटोनिम्फ, मग ड्यूटोनिम्फ, मग प्रौढ. प्रत्येक कात टाकण्याआधी कोळी एकदा निश्चल होतो: पाय आखडलेले, अंग ताणलेले, कातडी रुपेरी. शेवटच्या निश्चल अवस्थेतल्या मादीशेजारी प्रौढ नर पहारा देत बसतो, कधी कधी तिच्या अंगावर पाय टेकवून. शिरेच्या कडेला अशा रुपेरी, न हलणाऱ्या माद्या शोधा. त्यांच्या शेजारचा निमुळता छोटा कोळी नर असतो. सैरावैरा फिरणाऱ्या कोळ्यांतून नर वेचण्यापेक्षा हे किती तरी सोपे जाते.

प्रत्येक ठिकाणचे किमान १० नर आणि २० माद्या घ्या. निम्मे नर स्लाइड करताना आडवे बसत नाहीत, म्हणून पाच-सहा पुरत नाहीत.

नर मिळालेच नाहीत तर ते वाढवता येतात. टेट्रॅनिकसमध्ये फलन न झालेल्या अंड्यांतून फक्त नर जन्मतात. अर्टिकीच्या नरात गुणसूत्रे ३, मादीत ६. ओल्या कापसावर तुती किंवा घेवड्याच्या पानाचा तुकडा खालची बाजू वर करून ठेवा. त्यावर शेवटच्या निश्चल अवस्थेतली एकच मादी कुंचल्याने अलगद ठेवा, सोबत नर नको. ती प्रौढ होऊन अंडी घालेल आणि सगळी पिढी नर निघेल. सुमारे २५ ते ३० अंश तापमानात दोन-अडीच आठवड्यांत पुरेसे प्रौढ नर हाती येतात, आणि तेही नक्की एकाच मादीचे.

तपासा: कापूस ओला हवा, पण पानावर पाणी चढता कामा नये. कापूस सुकला की कोळी पळून जातात.

अवस्थांची ही ओळख फवारणीच्या निर्णयातही लागते. हेक्झिथायझॉक्स आणि इटोक्साझोल ही कोळीनाशके अंडी आणि पिल्लांवर काम करतात, प्रौढांना मारत नाहीत. पानावर बहुतांश प्रौढ असताना ती फवारून ‘औषध लागू पडले नाही’ म्हणणे बरोबर नाही.

## टप्पा ५ : मारून साठवणे

कुंचला अल्कोहोलमध्ये भिजवून त्याच्या टोकाने कोळी उचला आणि ७० ते ७५ टक्के अल्कोहोलमध्ये सोडा. फॉर्मलिन वापरू नका. अंग कडक होते आणि नंतर पारदर्शक होत नाही. ९५ टक्के अल्कोहोल फक्त डीएनएसाठी ठेवलेल्या वेगळ्या बाटलीत, तीही थंडीत. त्यातले कोळी ठिसूळ होतात आणि स्लाइडवर पाय गळतात.

एरिओफाइड कोळ्यांचे नियम वेगळे आहेत. ते बसलेला कोवळा भाग मऊ टिश्यू कागदात गुंडाळून सावलीत वाळवा. कोळी पानासोबत सुकतात, आणि पुढे लॅक्टिक आम्लात पुन्हा फुगवून पाहता येतात. त्यांना साध्या हॉयरमध्ये घालून चांगली स्लाइड मिळत नाही, त्यासाठी कायफरची वेगळी माध्यमे आहेत.

## टप्पा ६ : अंग पारदर्शक करणे

माद्या आणि परभक्षी कोळी ५० ते ६० टक्के लॅक्टिक आम्लात घालून ४५ अंशाच्या आसपास ठेवा. फिकट कोळ्याला काही तास पुरतात, पोट भरलेल्या गडद मादीला एखादा दिवस. ठरावीक वेळ धरून बसू नका, दर दोन तासांनी स्टिरिओखाली पाहा. पोटातला काळा पदार्थ विरला आणि पाय शाबूत आहेत, तिथे थांबा. जास्त वेळ ठेवले की अंग लिबलिबीत होऊन केस गळतात, आणि गळलेल्या केसांच्या संख्येवर पुढची सगळी ओळख चुकते.

टेट्रॅनिकसच्या नराला बहुधा हे लागत नाही. तो मुळातच फिकट असतो आणि हॉयर स्वतः अंग साफ करते.

सावधान: अल्कोहोलमधून थेट हॉयरमध्ये टाकू नका. अल्कोहोलने डिंक फाटतो आणि कोळ्याभोवती पांढरे धुके बसते. आधी ऊर्ध्वपातित पाण्यात मिनिटभर धुवा. लॅक्टिक आम्लातून काढलेल्यालाही हेच.

## टप्पा ७ : स्लाइड करणे

मादी आणि नर यांची पद्धत वेगळी आहे. दोघांना एकाच स्लाइडवर, एकाच रीतीने बसवले की निदान एक तरी निकामी जातो.

मादी : स्लाइडच्या मधोमध हॉयरचा छोटा थेंब ठेवा. बारीक सुईने कोळी थेंबाच्या तळाशी ढकला, पाठ वर, पाय चारी बाजूंना पसरलेले. १२ ते १५ मिमीची झाकणकाच (कव्हरस्लिप) एका कडेने टेकवून हळूहळू खाली सोडा.

नर : एका स्लाइडवर एकच. थेंब मादीपेक्षाही लहान घ्या. थेंब मोठा असेल तर काच सरकवूनही कोळी जागचा हलत नाही. लहान असेल तर काच त्याच्या अंगाला टेकते आणि त्याला लोळवता येते. नराला शक्य तितके कुशीवर ठेवा, काच सोडा आणि लगेच १०० पटीत पाहा. मग सुईच्या टोकाने काचेची कड केसभर पुढे-मागे सरकवा. कोळी पेन्सिल लोळावी तसा लोळतो. नेमका आडवा झाला की हात थांबवा. हे सगळे माध्यम घट्ट व्हायच्या आत, काही मिनिटांत करायचे असते.

तपासा: नर खरोखर आडवा आहे का? पाठीवरचे केस फक्त एका कडेला आणि पाय दुसऱ्या कडेला दिसले पाहिजेत. त्याहून खात्रीची कसोटी म्हणजे जननदंडाचा दांडा आणि त्याचे टोक एकाच फोकसमध्ये रेखीव दिसणे. दांडा स्पष्ट आणि टोक धूसर असेल तर नर तिरका आहे. तिरक्या नराचे चित्र काढू नका. थोड्याशा कलण्यानेही बोंडाचा कोन बदलतो आणि एका जातीचा नर दुसऱ्या जातीच्या चित्राशी जुळू लागतो.

स्लाइड ४५ ते ५० अंशावर सपाट ठेवा. पहिल्या दिवसात पाय पसरतात, बारीक बुडबुडे बाहेर पडतात. पूर्ण सुकायला आठवडा किंवा जास्त लागतो. तापमान वाढवून हे लवकर उरकत नाही, उलट माध्यम उकळल्यासारखे होऊन मोठे बुडबुडे धरते.

सुकल्यावर काचेच्या कडेने ग्लिप्टाल (कड बंद करायचा रंगासारखा लेप) किंवा नेलपॉलिशचे दोन हात द्या, पहिला पूर्ण वाळल्यावर दुसरा. हॉयर हवेतली ओल ओढते. कोकणात किंवा कुठल्याही पावसाळ्यात कड न बांधलेली स्लाइड ओघळते आणि कष्टाने आडवा बसवलेला नर पुन्हा फिरतो.

## टप्पा ८ : कोणते लक्षण कधी पाहायचे

थेट जननदंडाकडे धावू नका. आधी प्रजाती पक्की करा, कारण चित्रांशी तुलना प्रजातीच्या आतच खरी ठरते.

१. कूळ : जबड्यांचे लांब, मागे वळलेले सुईसारखे शोषकांटे आणि पॅल्पवर (तोंडाशेजारच्या छोट्या पायासारख्या अवयवावर) अंगठा-नखीची जोडी असेल तर टेट्रॅनिकिडी. टेन्युपाल्पिडीत ही अंगठा-नखी नसते.

२. उपकूळ : पायाच्या टोकाला दोन नख्यांच्या मध्ये असतो तो एम्पोडियम. त्यावर टोकाशी फुगीर, चिकट केस असतील तर ब्रायोबिनी, नसतील तर टेट्रॅनिकिनी.

३. प्रजाती : इथे एम्पोडियम आणि गुदद्वाराशेजारच्या केसांच्या जोड्या एकत्र पाहा. एम्पोडियम जवळपास नाहीच, तर युटेट्रॅनिकस. तो नखीसारखा आणि शेजारी केसांची एकच जोडी, तर ऑलिगोनिकस. ज्वारीवरचा ऑलिगोनिकस इंडिकस यातलाच. नखीसारखा, पण जोड्या दोन आणि पाठीवरचे केस उंचवट्यांवर उभे, तर पॅनोनिकस. तो तीन जोडी केसांत फाटलेला आणि गुदद्वाराशेजारी एकच जोडी, तर टेट्रॅनिकस. तसाच फाटलेला, पण जोड्या दोन, तर इओटेट्रॅनिकस.

टेट्रॅनिकसच्या मादीवर पडताळा घ्यायला आणखी एक खूण आहे. पाठीच्या मागच्या भागात कातडीवरच्या बारीक रेषा मिळून चौकटच्या पत्त्यासारखी आकृती करतात.

४. जात : आता नर. टेट्रॅनिकसमध्ये जननदंड टोकाशी वर वळतो, ऑलिगोनिकसमध्ये बहुतेक वेळा खाली. वळणाची दिशा तुमच्या प्रजातीशी जुळत नसेल तर मागे जा, मधे कुठेतरी चूक आहे. अर्टिकीचे बोंड लहान, पुढे आणि मागे दोन्हीकडे टोकदार असते. किमान पाच आडव्या नरांची रेखाचित्रे काढा आणि ती एकत्र ठेवून तुलना करा. एकाच नरावरून नाव देऊ नका; एका पानावर दोन जाती एकत्र राहताना सापडतात.

फायटोसिइडीत उलट आहे. तिथे मादी महत्त्वाची: पाठीच्या ढालीवरच्या केसांची मांडणी आणि लांबी, आणि पोटाकडून दिसणारी शुक्रकोशाची नळी. त्यामुळे त्या माद्या चपट्या, पूर्ण पारदर्शक करूनच बसवा.

## टप्पा ९ : नाव लिहिणे आणि पुढे पाठवणे

नर नसेल तर ‘टेट्रॅनिकस प्रजाती’ एवढेच लिहा. पिकावरून जात ठरवणे सोडून द्या. वांग्यावर अर्टिकीशिवायही टेट्रॅनिकसच्या इतर जाती येतात. शोधनिबंधात किंवा अहवालात चुकीचे नाव एकदा गेले की ते पुढे वर्षानुवर्षे नकलून लिहिले जाते.

स्लाइडच्या उजव्या चिठ्ठीवर पीक, गाव, तालुका, जिल्हा, तारीख आणि वेचणाऱ्याचे नाव. डाव्या चिठ्ठीवर कोळ्याचे नाव, नर की मादी, माध्यम आणि ओळखणाऱ्याचे नाव लिहा. ओळख नंतर बदलली तर जुनी चिठ्ठी फाडू नका, खाली नवी जोडा.

तज्ज्ञाकडे पाठवताना तयार स्लाइडसोबत त्याच नमुन्यातली अल्कोहोलची बाटलीही द्या, म्हणजे त्यांना हवा तसा नर पुन्हा बसवता येईल. बाटली काठोकाठ भरा. वर हवा राहिली की प्रवासात कोळी हिंदकळून पाय तुटतात. झाकणाला टेप, बाटलीभोवती कापूस, स्लाइड वेगळ्या पेटीत आडव्या ठेवलेल्या. आणि पार्सल निघण्याआधी बाटलीतल्या चिठ्ठीवरचा नमुना क्रमांक स्लाइडवरच्या क्रमांकाशी जुळतो का, ते पाहून घ्या.